साच्याबाहेरचे अद्भुत

किशोरवयीन वाचकांसाठी अद्भुतकथा लिहू पाहणाऱ्या लेखकाच्या हाती कथेचा पूर्वार्ध बहुधा आयताच येऊन पडतो. एक पोरका मुलगा असतो. त्याच्या दंडावर जन्मखूण असते, आणि तिचा अर्थ त्याला ठाऊक नसतो. पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध त्याला येऊन भेटतो आणि शंभर वर्षांपूर्वीची एक भविष्यवाणी ऐकवितो. मग तलवार, नकाशा, बोलणारा घोडा, आणि क्षितिजापलीकडे काळ्या वस्त्रांतील एक दुष्ट सम्राट. लेखक हे सारे अप्रामाणिकपणे लिहीत असतो असे नव्हे. त्याने लहानपणी जे वाचले, जे पडद्यावर पाहिले, तेच त्याच्या लेखणीतून उतरत असते आणि उतरताना ते त्याला स्वतःचे वाटत असते. ओतशाळेत तयार साचा असला की त्यात कोणताही रस ओतला तरी वस्तू एकच निघते. कथेच्या बाबतीतही तेच घडते.

साचा असणे हा मात्र मुळातच दोष आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. रशियन अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात शंभर रशियन परीकथा तपासून असे दाखवून दिले की त्या सर्वांच्या मुळाशी एकतीसच घटना आहेत आणि त्या ठरावीक क्रमाने येतात. त्या कथा शतकानुशतके टिकल्या, त्या एकसारख्या असूनही. याचे कारण असे की सांगणारी आजी आणि ऐकणारे मूल एकाच ओसरीवर बसलेले असत. कथेतील राक्षस कोणत्या डोंगरावर राहतो हे आजी बोटाने दाखवू शके. साचा जुना असला तरी त्यात पडणारी माती त्या गावाची असे. छापील पुस्तकात ही माती आपोआप येत नाही. लेखकाने ती आणावी लागते. ती आणली नाही म्हणजे नुसता साचाच उरतो. किशोर वाचक त्याला कंटाळतात असेही नाही, आणि खरी चिंता तीच आहे. ते तो मुकाट्याने गिळतात, आणि अद्भुत म्हणजे दुसरीकडचे, दुसऱ्यांचे काहीतरी, अशी त्यांची समजूत होऊन बसते.

मराठीत या समजुतीचा इतिहास बराच जुना आहे. १८६० च्या दशकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणण्यास आरंभ केला. त्याच सुमारास, १८६१ साली, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' निघाली, आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत राजपुत्र, राजकन्या, विमाने आणि अकल्पित योगायोग यांची रेलचेल आहे. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती रिसबुडांची प्रस्तावना. आपल्या समाजाची विवाहपद्धती आणि एकंदर रीतिरिवाज असे आहेत की प्रत्यक्ष जीवनात मनोरंजक असे काही सापडत नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय करावा लागतो, असे समर्थन त्यांनी तेथे केले आहे. अद्भुताचा असा उपयोग म्हणजे आपले घर ओस आहे असे मानून दुसऱ्याच्या घरी पाहुणे जाणे होय. दीडशे वर्षे उलटून गेली. तलवारी आणि राजकन्यांच्या जागी जादूच्या शाळा आणि गुप्त दरवाजे आले. गृहीतक मात्र बदलले नाही.

याला सन्मान्य अपवाद आहेत, आणि ते थोडके नाहीत. विंदा करंदीकरांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहात एटू लोकांचा एक आगळाच देश कल्पिला, आणि १९८१ मध्ये पिशीमावशी व तिची भुतावळ मुलांच्या हाती दिली. भुताला 'मावशी' म्हणताच ते नात्यातले होते. त्याचे घर, त्याची पोरेबाळे, त्याचे रुसवेफुगवे दिसू लागतात. एका नातेवाचक शब्दाने साचा कसा मोडतो याचा हा उत्तम पाठ आहे. 'मावशी' हा शब्द कोणत्याही परदेशी परीकथेतून उसना आणता आला नसता.

रिसबुडांचे गृहीतक खरे की खोटे हे तपासून पाहावयाचे तर वरवर पाहता अद्भुताला अगदीच प्रतिकूल अशी एखादी जागा निवडावी. छत्तीसगढमधील भिलाई येथील खुर्सीपार ही तशी जागा आहे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भाताच्या शेतांवर एक पोलादनगर उभे राहिले. खुर्सीपार ही त्या नगरातील कष्टकऱ्यांची दाट वस्ती. तेलुगू, उडिया, भोजपुरी, बंगाली, पंजाबी, मराठी आणि अर्थात छत्तीसगढी अशा अनेक भाषांची माणसे भिलाईत एकमेकांच्या शेजारी नांदतात. तेथे किल्ला नाही, प्राचीन अरण्य नाही, राजवाडा नाही. येथील एखाद्या बारा वर्षांच्या मुलीसाठी अद्भुतकथा लिहावयाची असेल तर लेखक सामान्यतः काय करतो? तो तिला पहिल्या प्रकरणाच्या अखेरीस तेथून बाहेर काढतो. एखादा दरवाजा उघडतो, आणि ती हिरव्या कुरणांच्या, थंड हवेच्या देशात जाऊन पोहोचते. आपली वस्ती ही निघून जाण्याचीच जागा आहे, एवढा बोध तिला त्या पुस्तकातून निश्चित मिळतो.

आता या परिसरानेच अद्भुतकथेच्या ठरावीक साच्यांशी काय केले ते पाहू. हबीब तन्वीर यांचे 'चरणदास चोर' हे नाटक सर्वांना परिचित आहे. त्याचे मूळ राजस्थानी लोककथेत असून विजयदान देथा यांनी ती लिहिली होती. तन्वीरांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास छत्तीसगढी नटांना घेऊन भिलाईतील एका कार्यशाळेत तिला नाट्यरूप देण्यास आरंभ केला. १९७५ साली श्याम बेनेगल यांनी तिच्यावर चित्रपट काढला, आणि तो मुलांच्या चित्रपटांसाठी स्थापन झालेल्या सरकारी संस्थेकरिता होता, ही गोष्ट सहसा विसरली जाते.

कथेतील चोर गुरूपुढे थट्टेथट्टेने चार शपथा घेतो: सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणुकीत जाणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, देशाचा राजा होणार नाही. चोराच्या नशिबी यांपैकी काहीच येण्याचा संभव नसल्यामुळे या शपथा फुकटच्याच आहेत. गुरू पाचवी घालतो: खोटे बोलणार नाही. या चार शपथा नीट पाहाव्यात. सोन्याचे ताट, हत्ती, राणी आणि राज्य हीच ती चार बक्षिसे आहेत, जी परीकथेच्या शेवटी नायकाला मिळतात. पुढे ती चारही चरणदासापुढे खरोखर चालून येतात. तो एकेक नाकारीत जातो, कारण शब्द दिलेला आहे. आणि राणीला नकार देण्याचे मोल त्याला प्राण देऊन चुकवावे लागते.

परीकथेचा साचा येथे टाळलेला नाही. तो पूर्ण वापरला आहे, परंतु त्यातील प्रत्येक बक्षिसाला किंमत लावली आहे. आपण घेतलेली शपथ खरोखर पाळावी लागली तर काय होईल, असा प्रश्न लेखकाने विचारला आणि उत्तरापासून पळ काढला नाही. मुलांना असा शेवट सोसत नाही, हा आक्षेप मला मान्य नाही. मुलांना खोटा शेवट सोसत नाही. मृत्यू त्यांच्या परिचयाचा असतो.

भिलाईपासून जवळच गनियारी हे गाव आहे. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई तेथल्या. पुढे त्या भिलाई पोलाद कारखान्याच्या सेवेत होत्या, आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांची कथा महाभारताची, म्हणजे सर्वांना आरंभापासून अंतापर्यंत पाठ असलेली. पूर्वी स्त्रिया पंडवानी गात त्या बसून, वेदमती पद्धतीने. उभे राहून, अभिनयासह गाण्याची कापालिक पद्धत ही पुरुषांची मानली जाई. तीजनबाई उभ्या राहिल्या. कथेतील घटनाक्रम त्यांनी बदलला नाही, तरीही ऐकणाऱ्यांना सारे नवे वाटू लागले. त्यांच्या हातात एकच तंबुरा असे. तोच भीमाची गदा होई, तोच अर्जुनाचे धनुष्य, तोच रथ. अद्भुतकथेच्या लेखकाने हा तंबुरा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आजकालच्या पुष्कळ कथांत दर चार पानांनी एक नवी जादूची वस्तू येते: आंगठी, आरसा, पिसारा, किल्ली. वस्तू वाढतात तसतसे आश्चर्य कमी होत जाते. एकच ओळखीची वस्तू तीन वेळा तीन रूपांत दिसली तर वाचक स्वतःहून चौथ्या रूपाची वाट पाहू लागतो.

आतापर्यंत ज्या साच्यांचा विचार केला ते कथेला नीरस करतात. काही साचे याहून घातक असतात. चेटकीण हा त्यांतील पहिला. गावाबाहेरच्या झोपडीत एकटी राहणारी, वाकलेली, बडबडणारी म्हातारी. तिची नजर वाईट, तिच्या हातचे खाऊ नये. मराठी बालरंगभूमीने या पात्रावर भरपूर प्रेम केले आहे. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तील चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी अशी काही रंगविली की मुले तिला घाबरता घाबरता तिच्यावर लुब्ध झाली. रंगमंचावरील त्या चेटकिणीला कोणी शेजारीण समजत नाही; तिचा भडक वेष, तिचे लांब नाक आणि तिच्या भूमिकेतील पुरुष नट हेच सांगत असतात की हा खेळ आहे. परंतु छत्तीसगढमध्ये 'टोनही' हा शब्द खेळातला नाही. टोनही ठरवून स्त्रियांना मारहाण करणे, गावाबाहेर काढणे, प्रसंगी जीव घेणे असे प्रकार इतके घडले की राज्याला २००५ साली टोनही प्रताडना निवारण अधिनियम करावा लागला. बिहारने असा कायदा १९९९ मध्ये केला होता. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा आहे. ज्यांच्यावर हा आळ आला त्यांत विधवा, निपुत्रिक, एकाकी अशा स्त्रिया अनेक. कित्येकदा तंट्याच्या मुळाशी त्यांच्या नावावरचा जमिनीचा तुकडा असे.

हे ठाऊक असताना लेखकाने एकाकी म्हातारीला कथेत दुष्ट चेटकीण म्हणून आणले तर तो केवळ शिळा साचा वापरीत नसून एका चालू आरोपाला साक्ष देत असतो. हरेलीचा सण येथे उपयोगी पडेल. आपल्याकडे आषाढात दिव्याची अवस असते त्याच अमावास्येला छत्तीसगढमध्ये हरेली पाळतात. शेतीची अवजारे धुऊन पुजतात, मुले बांबूच्या गेडीवर चढून उंचावरून चालतात, दारावर कडुनिंबाची डहाळी खोचतात, आणि अनिष्ट आत येऊ नये म्हणून लोहार चौकटीत खिळा ठोकून जातो. या सणावर गोष्ट लिहिणारा बहुतेक लेखक खिळा ठोकलेल्या घरात बसून बाहेरच्या अंधाराविषयी लिहील. ज्या एका दारावर खिळा ठोकायला कोणी गेले नाही, त्या घरात ती रात्र कशी गेली, आणि गेडीवर चढलेल्या मुलाला उंचावरून त्या अंगणात काय दिसले, ही गोष्ट अजून लिहिली जावयाची आहे.

दुसरा घातक साचा राक्षसाचा. तो काळा, दांडगा, केस पिंजारलेला, अग्नीजवळ राबणारा असतो; नायक गोरा, सडपातळ असतो. उर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेने १९६८ साली किशोरांसाठी लिहिलेल्या 'ए विझर्ड ऑफ अर्थसी' या कादंबरीत आपला जादूगार नायक ताम्रवर्णाचा ठेवला आणि लुटारू आक्रमक गोरे ठेवले. तिकडे ही मोठी गोष्ट होती. आपल्याकडे याहून खोलवर जाणारी सामग्री पडून आहे. मैकल पर्वताच्या परिसरात आगरिया नावाची लोखंड गाळणारी जमात राहते. तिच्यावर व्हेरिअर एल्विन यांचा ग्रंथ १९४२ साली निघाला. आगरियांच्या श्रद्धेनुसार लोहासुर, अग्यासुर आणि कोयलासुर, म्हणजे लोखंडाचा, अग्नीचा आणि कोळशाचा असुर, हे वध करावयाचे शत्रू नव्हेत. ती त्यांची दैवते आहेत. भट्टी पेटविण्यापूर्वी त्यांना आळवावयाचे असते. झारखंडात तर 'असुर' हेच नाव असलेली एक जमात आहे, आणि लोखंड गाळणे हाच तिचाही परंपरागत व्यवसाय. म्हणजे ज्या शब्दाने आपण पोरांना घाबरवितो, तो कोणाच्या तरी दाखल्यावर जातीच्या रकान्यात लिहिलेला असतो.

येथे एक इशारा आवश्यक आहे. साचा ओळखता आला की लेखकाला तो उलटा करण्याचा मोह होतो. राक्षस शाकाहारी होतो, चेटकीण प्रेमळ होते, राजकन्या राजपुत्राला सोडवून आणते. पहिल्यांदा हे वाचताना मौज वाटते. परंतु उलटा केलेला साचा हाही साचाच असतो, आणि आता तर तो सुलट्याइतकाच गुळगुळीत झाला आहे. प्रेमळ चेटकीण लिहिणाऱ्याने चेटकिणी असतात हे गृहीत धरलेलेच असते. आणखी असे की लोहासुर ही जिवंत माणसांची जिवंत श्रद्धा आहे. तिला नाटकाच्या पेटीतील मुखवट्याप्रमाणे उचलता येत नाही. ज्यांची ती कथा आहे त्यांच्याकडून ती ऐकल्याखेरीज तिच्यावर हात टाकू नये, आणि ऐकल्यानंतर आपण बदललेला भाग आपला आहे हे प्रस्तावनेत सांगावे.

या अटी पाळून एखादी कथा कशी उभी राहील ते पाहू. खुर्सीपार हे नाव घेऊ. व्युत्पत्ती काही असो. मराठी कानाला त्यात 'खुर्ची' ऐकू येते, आणि 'पार' म्हणजे एक तर पलीकडचा काठ किंवा झाडाभोवतीचा ओटा. तेलुगू घरातील मुलीला त्याच नावात काही वेगळे ऐकू येईल. या एका गल्लीत एकाच नावाच्या चार निराळ्या जागा आहेत असे मानले की दुसऱ्या लोकात नेणाऱ्या गुप्त दरवाजाची गरज उरत नाही. हाका मारणाऱ्याच्या भाषेप्रमाणे गल्ली बदलते. हा या कथेचा एकमेव चमत्कार. दुसरा आणावयाचा नाही.

आता कोयलासुराकडे वळू. आगरियांची भट्टी मातीची, लहानशी असे. पायांनी दाबण्याच्या भात्यांनी तिला वारा घालीत, आणि तिच्यात लाकडी कोळसा जळे. झोतभट्टीत दगडी कोळशापासून केलेला कोक लागतो. दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून लोहखनिज येऊ लागले, भट्टी अहोरात्र पेटती राहू लागली. लोखंडाचा असुर मोठा झाला, अग्नीचा असुर मोठा झाला. लाकडी कोळशाचा असुर मात्र बेकार झाला. तो कोठे गेला असेल? साच्यातील लेखक म्हणेल, तो सूड घ्यावयास निघाला. पण बेकार माणूस प्रत्यक्षात काय करतो? तो नातेवाइकांच्या आधाराने कामगारवस्तीत खोली पाहतो. फाटकाशी जाऊन ओळखी काढतो. रात्री वितळलेला धातुमळ ओततात आणि आभाळाची कड तांबडी होते, तेव्हा गल्लीतील इतर लोक झोपलेले असतात आणि हा एकटा उंबऱ्यावर बसून आपल्या भावांकडे पाहत असतो. समोरच्या घरातील मुलीचा बाप रात्रपाळीला गेलेला आहे, म्हणून तीही जागी आहे.

येथून पुढे कथा कशी जावी हे लेखकाचे काम. मात्र तिला दोन-तीन प्रश्न चुकविता येणार नाहीत. असुर खातो काय? इस्त्रीवाल्याच्या टोपलीतील लाकडी कोळसा रोज थोडा कमी होऊ लागला तर त्याचा आळ गल्लीतील कोणावर येईल? मला वाटते, तो एकट्या राहणाऱ्या एखाद्या म्हातारीवर येईल, आणि येथे आधी सांगितलेला हरेलीचा खिळा कथेत आपल्या पायांनी चालत येतो. मुलीला खरे ठाऊक आहे. तिने ते सांगितले तर कोयलासुराला गल्ली सोडावी लागेल; न सांगितले तर म्हातारीला. येथे भविष्यवाणी नाही, जन्मखूण नाही, निवडलेला वंशज नाही. तिला कोणी निवडलेले नाही. त्या रात्री ती जागी होती, एवढेच.

भाषेचा एक प्रश्न राहतो. असुर कोणत्या भाषेत बोलेल? मराठी पुस्तकांतील असुर आणि ऋषी हटकून संस्कृतप्रचुर बोलतात, आणि नोकर बोली बोलतात. हाही एक साचा, आणि तो वाचकाच्या नकळत काम करतो. कोयलासुर आपल्या आगरिया मालकांची बोली बोलेल आणि मुलगी मराठीत उत्तर देईल. दोघांना एकमेकांचे अर्धेच कळेल. भिलाईत पुष्कळ मैत्र्या अशाच सुरू झाल्या असतील. लेखकाने तो न कळलेला अर्धा भाग कंसात अर्थ देऊन भरून काढू नये. मसुदा तयार झाला की तो दहा-बारा वर्षांच्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवावा, आणि ती कोठे 'पुढे काय होणार ते आम्हांला ठाऊक आहे' असे म्हणतात तेथे समासात खूण करावी. त्या खुणांची पाने बाजूला काढून पुन्हा लिहावयास बसावे.